हॅकेथॉनला एकट्यानं जाताय? टीम कशी जुळवायची, पायरीपायरीनं

पहिल्या हॅकेथॉनचा, म्हणजे एक-दोन दिवसांत टीमनं ॲप किंवा प्रोग्रॅम बनवून दाखवायच्या स्पर्धेचा, अर्ज भरताना 'टीमचं नाव' हा रकाना मी रिकामा सोडला होता. ओळखीचं कुणी नव्हतंच. उद्घाटनाची भाषणं झाल्यावर माइकवरून सूचना आली, "ज्यांची टीम नाही त्यांनी स्टेजच्या डाव्या बाजूला या." तीस-चाळीस जण तिथे जमलो आणि पुढची दहा मिनिटं जवळजवळ सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून उभे राहिलो. ज्या तिघांनी मला आधी विचारलं त्यांना मी लगेच हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा सर्व्हर चालत होता, डेटाबेस भरलेला होता आणि परीक्षकांना दाखवायला एकही स्क्रीन नव्हता. चौघंही बॅकएंड, म्हणजे मागे चालणारा न दिसणारा भाग, लिहिणारे. फ्रंटएंड, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाग, दुसरा कुणीतरी करेल असं प्रत्येकानं गृहीत धरलं होतं.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. आमच्यातल्या एकाला जिंकायचं होतं. एकाला नवीन भाषा शिकून बघायची होती. तिसऱ्याला फक्त प्रमाणपत्र हवं होतं आणि तो संध्याकाळी निघून जाणार होता. यातलं कुणाचंच चूक नव्हतं. आम्ही एकमेकांना विचारलंच नव्हतं, एवढंच.

त्यानंतर बऱ्याच हॅकेथॉन केल्या, पुढे काही ठिकाणी मेंटॉर, म्हणजे टीमना अडेल तिथे मदत करणारी, म्हणून टेबलाटेबलांवर फिरले. इतक्या टीम जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: कौशल्य कमी पडलं म्हणून टीम क्वचितच मोडते. चौघं चार वेगळ्या कारणांसाठी आलेली असतात आणि ते पहिल्या तासात बोललं जात नाही, म्हणून मोडते. खालच्या पायऱ्यांमध्ये पाचवी सगळ्यात मोठी आहे ती त्यामुळेच. घाईत असाल तर ती आधी वाचा.

१. आधी नियम वाचा, मग माणसं शोधा

हॅकेथॉन हा शब्द १९९९ चा. त्या वर्षी जूनमध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणारे दहा डेव्हलपर कॅनडात कॅलगरीला एकत्र बसले होते. ते एकाच प्रकल्पातले, त्यामुळे कोण काय करतं हे त्यांना नव्यानं विचारावं लागत नव्हतं. आज आपण ज्या स्पर्धांना जातो तिथे अनोळखी माणसं २४ किंवा ४८ तासांसाठी टीम होतात. त्यामुळे टीम जुळवणं हे कोडइतकंच खरं काम आहे, आणि त्याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात.

मेजर लीग हॅकिंगच्या विद्यार्थी हॅकेथॉनमध्ये टीम जास्तीत जास्त चौघांची. नासाच्या स्पेस ॲप्स चॅलेंजमध्ये सहा जणांपर्यंत चालतं. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनला सहा जण लागतात, सगळे एकाच महाविद्यालयातले आणि त्यात किमान एक मुलगी हवी. आयसीपीसी ही प्रोग्रॅमिंगची स्पर्धा तर तिघांना मिळून एकच संगणक देते आणि पाच तास. म्हणजे तिथे तिघांनी तीन भाग वाटून घेण्यापेक्षा कीबोर्डवर कुणी कधी बसायचं हेच ठरवावं लागतं. लुडम डेअर या गेम बनवण्याच्या स्पर्धेत एक गट फक्त एकट्यानं काम करणाऱ्यांसाठीच असतो.

कॅगलवरच्या डेटा सायन्सच्या स्पर्धांमध्ये एक वेगळाच खड्डा आहे. तिथे स्पर्धा चालू असताना दोन टीम एकत्र होऊ शकतात, पण त्यासाठी शेवटची तारीख ठरलेली असते, आणि दोघांनी मिळून तोवर पाठवलेली उत्तरं एका टीमला परवानगी असलेल्या संख्येपेक्षा जास्त झाली असतील तर एकत्र येता येत नाही. दोन्हीकडून रोज सगळे प्रयत्न वापरून टाकायचे आणि शेवटच्या आठवड्यात एकत्र यायला जायचं, तर दार बंद झालेलं असतं.

नियमांमधून एवढ्या गोष्टी शोधून वहीत उतरवा: कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती जण, टीम नोंदवायची शेवटची वेळ, नंतर माणूस बदलता येतो का, आधी लिहिलेला कोड चालतो का, आणि तयार झालेल्या कामाची मालकी कुणाची. शेवटचा मुद्दा बहुतेक जण वाचत नाहीत. तो वाचाच.

२. स्वतःची ओळख चार ओळींत लिहून ठेवा

लोक बहुतेक वेळा असं लिहितात:

"पायथन, जावा, रिॲक्ट, मशीन लर्निंग, ब्लॉकचेन येतं. चांगल्या टीमच्या शोधात."

हे वाचून समोरच्याला काहीच ठरवता येत नाही. याउलट हे बघा:

"रिॲक्टमध्ये स्क्रीन बनवते, दोन छोटी ॲप शेवटपर्यंत नेली आहेत. बॅकएंडचा कोड वाचता येतो, लिहायला वेळ लागतो. नकाशांवर काही करायला आवडेल. दोन्ही दिवस पूर्ण वेळ आहे, रात्री पाच तास झोपणार. बक्षीस मिळालं तर आनंदच आहे, पण डेमो चालला पाहिजे हे माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं."

यात काय येतं, काय येत नाही, किती वेळ आहे आणि कशासाठी आलोय, सगळं आलं. 'येत नाही' हे लिहायला लोक घाबरतात. मेंटॉर म्हणून सांगते, ज्या ओळखीत ती ओळ असते तिच्यावर विश्वास बसतो.

कोड येत नसेल तरी मागे राहू नका. डिझाइन करणारे, नेटकं लिहिणारे, बोलून पटवून देणारे यांची गरज असते. त्याहून जास्त गरज असते विषय आतून माहीत असलेल्यांची. आरोग्याच्या हॅकेथॉनमध्ये टेबलावर एक नर्स असेल तर ती पहिल्या अर्ध्या तासात सांगते की वॉर्डमध्ये हातमोजे घातलेले असताना मोबाइलवर टाइप करता येत नाही. चार प्रोग्रॅमर मिळून दोन दिवसांत हे शोधू शकत नाहीत.

३. स्पर्धेच्या आधीच शोध सुरू करा

स्पर्धेच्या दोन आठवडे आधी शोधायला लागलात तर निवडीला वाव राहतो. आदल्या रात्री जे उरलेलं असेल ते घ्यावं लागतं.

बहुतेक आयोजक डिस्कॉर्ड किंवा स्लॅक या गटानं बोलायच्या ॲपवर जागा उघडतात आणि त्यात टीम शोधणाऱ्यांसाठी एक वेगळं चॅनल असतं. डेव्हपोस्ट या हॅकेथॉनच्या साइटवर नोंदवलेल्या स्पर्धांमध्ये सहभागींची यादी दिसते आणि कोण टीम शोधतंय हेही कळतं. तिथे तुमची चार ओळींची ओळख टाका, पण तेवढ्यावर थांबू नका. दुसऱ्यांच्या ओळखी वाचा आणि ज्यांचं लिहिणं पटतं अशा पाच-सहा जणांनाच स्वतंत्र मेसेज करा. एकच मजकूर पन्नास जणांना चिकटवला की तो ओळखू येतो, कारण ते पन्नास जण त्याच चॅनलवर असतात.

मेसेज असा असू द्या:

"नमस्कार, तुमची ओळख वाचली. तुम्ही बसच्या वेळापत्रकावर केलेलं काम पाहिलं, त्यातला ऑफलाइन चालणारा भाग आवडला. मी स्क्रीनचं काम करते. अजून टीम झाली नसेल तर १५ मिनिटं बोलू या का? जमत नसेल तरी काही हरकत नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. नाही म्हणायची सोय दिली की लोक खरं उत्तर देतात, नाहीतर ते गप्प बसतात आणि तुम्ही वाट बघत राहता.

समोरच्याचं गिटहब (लोक आपला कोड जिथे ठेवतात ती साइट) खातं पाच मिनिटं चाळा. तारे (तिथले 'लाइक') किती मिळालेत ते सोडून द्या. एखादी तरी गोष्ट पूर्ण केलेली आहे का आणि ती कशी चालवायची हे रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये लिहिलंय का, एवढंच बघा. अर्धवट सोडलेले वीस प्रकल्प आणि पूर्ण केलेला एक, यात मी दुसरा माणूस निवडते.

आणि हे दिसलं तर मागे फिरा:

- टीममध्ये घेण्यासाठी पैसे मागणारा.
- तुमच्या खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा. रेपोवर, म्हणजे टीमचा कोड ठेवायच्या सामायिक जागेवर, काम करायला यातलं काहीच लागत नाही.
- "प्रॉडक्ट आमचं तयारच आहे, फक्त स्क्रीन करून द्या" म्हणणारा. बहुतेक स्पर्धांमध्ये काम स्पर्धेच्या काळातच व्हायला हवं असतं. जुनं काम नवं म्हणून दिलं तर टीम बाद होते, त्यात तुम्हीही आलात.
- तुमची पूर्ण कल्पना आधी लेखी मागणारा आणि स्वतःबद्दल एक ओळही न सांगणारा.

४. कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये

आधी कुणी मिळालं नाही तरी बिघडत नाही. बऱ्याच ठिकाणी टीम जुळवण्यासाठी वेगळा तास ठेवलेला असतो. स्टार्टअप वीकेंडसारख्या ५४ तासांच्या कार्यक्रमाची रचनाच तशी आहे: पहिल्या संध्याकाळी ज्याला हवं तो एका मिनिटात आपली कल्पना मांडतो, बाकीचे आवडलेल्या कल्पनांना मत देतात आणि वर आलेल्या कल्पनांभोवती टीम तयार होतात.

या मिनिटभराच्या मांडणीत लोक अर्धा वेळ "नमस्कार, माझं नाव" मध्ये घालवतात. क्रम उलटा करा. आधी अडचण कुणाची आणि कोणती, मग तुम्ही काय बनवणार, मग तुम्हाला कोण हवंय. नाव शेवटी सांगा, ते लक्षात राहतं.

स्टेजवर जायची भीती वाटत असेल तर दुसरा मार्ग आहे. एका हॅकेथॉनमध्ये एका मुलीनं कागदावर जाड मार्करनं लिहिलं होतं: "स्क्रीन काढते. सर्व्हर लिहिणारं कुणी हवं. विषय: ऐकू न येणाऱ्या मुलांचा वर्ग." तो कागद तिनं लॅपटॉपच्या झाकणाला बाहेरून चिकटवला आणि ती कोपऱ्यातल्या टेबलावर काम करत बसली. पंधरा मिनिटांत तिघं तिच्याकडे येऊन बसले होते. ती कुणाकडेही गेली नव्हती. तिघांपैकी एकाच्या घरात ऐकू न येणारा भाऊ होता, आणि त्या टीमला तिथेच दिशा मिळाली.

तुम्ही दुसऱ्याची कल्पना ऐकून त्याच्याकडे गेलात तर एक प्रश्न जरूर विचारा: "आज रात्रीपर्यंत यातलं काय चालू झालेलं दिसेल?" याचं उत्तर एखादी छोटी, नेमकी गोष्ट असेल तर तिथे बसा. उत्तरात सगळं जग बदलणार असेल तर अजून एक-दोन टेबलं फिरून या.

दोघा-तिघांची टीम झालेली आहे आणि एक खुर्ची रिकामी आहे, अशी टेबलं नवख्यांसाठी सगळ्यात चांगली. त्यांना काय कमी आहे हे त्यांना आधीच कळलेलं असतं. तुम्ही स्वतः विचारायला संकोचत असाल तर स्वयंसेवकांना सांगा, कुठल्या टेबलावर माणूस हवाय हे त्यांना बऱ्याचदा माहीत असतं. आणि तुमची टीम झालेली असेल आणि जागा उरली असेल तर भिंतीशी एकटं उभं असलेल्याला तुम्ही हाक मारा. पहिल्या वेळी मला कुणी हाक मारली नसती तर मी घरी निघून गेले असते.

५. 'हो' म्हणण्याआधी दहा मिनिटं

हॉलमधल्या गडबडीत हे दहा मिनिटांचं बोलणं राहून जातं. पटापट टीम होत असतात, आपण मागे राहू असं वाटतं आणि आपण हो म्हणून टाकतो. थांबा. सगळ्यांना बाजूला घ्या, लॅपटॉप बंद ठेवा आणि हे प्रश्न एकेकाला विचारा. प्रत्येकानं उत्तर द्यायचं, "माझंही तेच" चालणार नाही.

"तू इथे कशासाठी आलायस?" जिंकायला, शिकायला, नोकरी देणाऱ्या कंपन्यांना भेटायला, मित्र करायला, प्रमाणपत्रासाठी. सगळी कारणं चांगली आहेत. ती एकमेकांत बसतात का हे बघायचंय. जिंकायला आलेला माणूस येत असलेल्या गोष्टीच वापरेल, शिकायला आलेल्याला नेमकी न येणारी गोष्ट वापरायची असते. हे दोघं एका टीममध्ये राहू शकतात, पण ठरवून: शिकणाऱ्यानं नवीन गोष्ट अशा भागात वापरायची की जो अडला तरी डेमो अडणार नाही.

"किती तास आहेस, आणि कधी झोपणार?" हा प्रश्न विचारायला लोकांना अवघड वाटतं, आणि रात्री दोनच्या भांडणांचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. एकजण रात्रभर जागणार, दुसरा अकराला घरी जाणार, हे आधी माहीत असेल तर काम त्याप्रमाणे वाटता येतं. आधी सांगून गेलेल्या माणसाबद्दल कुणाच्या मनात काही राहत नाही. न सांगता गेलेल्याबद्दल राहतं. तिसरीकडे कुणाला घरी लहान मूल असेल, कुणाला शेवटची गाडी पकडायची असेल, कुणाला रात्री थांबायची परवानगी नसेल. कारण विचारू नका, वेळ विचारा.

"काय करायला आवडेल, आणि काय अजिबात करायचं नाही?" दुसरा अर्धा प्रश्न जास्त कामाचा आहे. माझ्या एका टीममध्ये सगळ्यात चांगलं बोलणारा मुलगा म्हणाला, "मी सादरीकरण करणार नाही." आम्हाला ते विचित्र वाटलं, पण आम्ही मानलं आणि दुसरीनं तयारी केली. शेवटच्या तासाला समजलं असतं तर आमच्याकडे कुणीच नसतं.

"कल्पना कुणाची, आणि ती बदलली तर चालेल का?" कल्पना घेऊन आलेल्या माणसाला हे सगळ्यांसमोर विचारा. "चालेल, पण विषय तोच हवा" असं उत्तर आलं तर उत्तम. ज्याला एक शब्दही बदललेला चालणार नाही त्याला टीम नकोय, कामाला माणसं हवीत. तुम्हाला ते चालत असेल तर जा, पण जाणूनबुजून जा.

"बक्षीस मिळालं तर? पुढे चालू ठेवलं तर?" हसू येतं हे बोलताना, पण बोला. समान वाटणी, हे दोन शब्द ग्रुपवर टाइप करून ठेवले तरी पुरतं. ग्रुपमी हे गटानं मेसेज करायचं ॲप २०१० मध्ये टेकक्रंच डिसरप्ट या तंत्रज्ञान परिषदेच्या हॅकेथॉनमध्ये जन्मलं आणि २०११ मध्ये स्काइपनं ते विकत घेतलं. असं रोज घडत नाही. पण एका रात्रीच्या कामातून कंपनी उभी राहू शकते हे खरं आहे, आणि तेव्हा "मीही त्या टेबलावर होतो" म्हणणाऱ्याकडे काहीतरी लेखी असावं.

या बोलण्यानंतर नाही म्हणावंसं वाटलं तर लगेच म्हणा. "तुमचं जिंकण्याचं ठरलंय, मला शिकायचंय, मी दुसरी टीम बघते" हे वाक्य मी दोनदा वापरलं आहे. दोन्ही वेळा समोरच्यांनी मान डोलावली आणि त्यातले दोघं आजही संपर्कात आहेत.

६. किती जण आणि कोण कोण

नियमात सहा चालतात म्हणून सहा घेऊ नका. तिघांमध्ये आपसांत बोलण्याच्या जोड्या तीन होतात, चौघांमध्ये सहा, पाच जणांत दहा आणि सहा जणांत पंधरा. प्रत्येक जोडीत काहीतरी सांगायचं राहून जाऊ शकतं. पहिलीच वेळ असेल तर तिघं किंवा चौघं बास. नियमानंच सहा लागत असतील तर दोन-तीन जणांचे गट पाडा आणि गटागटात एकानं बोलायचं ठरवा.

दिसणारा भाग बनवणारा एक, मागचा भाग बनवणारा एक, आणि 'हे आपण कुणासाठी बनवतोय' हा प्रश्न विचारत राहणारा एक. तिसरा माणूस सादरीकरणही करतो, वेळेकडेही बघतो. चौथा आला तर जिथे ओझं जास्त तिथे. सगळे मित्रच असतील तर माझ्यासारखे चौघं बॅकएंडवाले एकत्र येण्याची शक्यता जास्त, कारण मित्र सहसा एकाच वर्गातले असतात.

७. टीम झाली, आता पहिला तास

या तासात फीचर लिहायचं नाही. हे ऐकून सगळे अस्वस्थ होतात, तरी नाहीच लिहायचं.

एकानं गिटहबवर रेपो उघडायचा आणि बाकीच्यांना त्यात घ्यायचं. मग प्रत्येकानं रीडमीमध्ये आपलं नाव लिहून पुश करायचं, म्हणजे रेपोवर चढवायचं. कुणाच्या लॅपटॉपवर गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) बसवलेलं नाही, कुणाची लॉगिनची किल्ली चालत नाही, हे आत्ता कळतं. पहाटे कळलं तर तास जातो.

पहिल्या कमिटच्या, म्हणजे गिटमध्ये बदलांची नोंद करण्याच्या, आधी गिटइग्नोअर ही रेपोवर न चढवायच्या फाइलींची यादी टाका आणि एपीआयच्या (दुसऱ्यांच्या ऑनलाइन सेवा वापरायच्या) गुप्त किल्ल्या ज्या फाइलमध्ये असतात ती त्यात घाला. किल्ली चुकून रेपोवर गेली तर पुढच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नाही, इतिहासात ती राहतेच. ती किल्ली रद्द करून नवीन काढायची, हा एकच उपाय.

मग कागद घ्या. समोरचा भाग मागच्याकडून काय मागणार आणि उत्तर कोणत्या आकारात येणार ते कागदावर लिहा. नाव, तारीख, संख्या, प्रत्येक गोष्टीचं नेमकं स्पेलिंग ठरवा. फोटो काढून ग्रुपवर टाका. आता स्क्रीन करणारा खोटा डेटा घेऊन लगेच सुरू करू शकतो, त्याला सर्व्हरची वाट बघावी लागत नाही. तारीख एकानं मजकूर म्हणून पाठवायची आणि दुसऱ्यानं आकडा म्हणून वाचायची, एवढ्या एका गोष्टीवर मी एका टीमचे अडीच तास गेलेले पाहिले आहेत.

रिकामं पान आत्ताच ऑनलाइन चढवा. त्यावर फक्त टीमचं नाव असलं तरी चालेल.

आणि मुख्य ब्रँचवर (सगळ्यांच्या कोडची मुख्य प्रत) फोर्स पुश, म्हणजे रेपोवरचं पुसून आपलं चढवणं, करायचं नाही, हे मोठ्यानं बोलून ठरवा. आमच्या एका टीममध्ये पहाटे तीनला दोघं एकाच फाइलवर काम करत होते. दोघांचे बदल एकत्र (मर्ज) करताना अडलं, एकाला झोप आवरत नव्हती, त्यानं फोर्स पुश केलं आणि दुसरीचं चार तासांचं काम रेपोवरून दिसेनासं झालं. ती काही बोलली नाही, नुसती स्क्रीनकडे बघत बसली. मेंटॉरनं येऊन विचारलं, "तुझ्या लॅपटॉपवर कमिट केलं होतंस ना?" केलं होतं. तिथून सगळं परत मिळालं. तेव्हापासून मी प्रत्येक टीमला सांगते: दर तासाला कमिट करा, काम अर्धवट असलं तरी.

शेवटचे तीन तास नवीन काही जोडायचं नाही हेही याच तासात ठरवून टाका. नंतर ठरवायला गेलात तर कुणाला तरी 'फक्त एक छोटी गोष्ट' जोडायचीच असते.

८. बरोबर काय असावं

- ओळखपत्र, आणि नोंदणी पक्की झाल्याचा ईमेल मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेला. हॉलमध्ये नेट अडखळतं.
- विद्यार्थी असाल तर संस्थेचं ओळखपत्र किंवा मागितलेलं पत्र. काही स्पर्धांना संस्थेची सही असलेलं पत्र लागतं, ते मिळायला दिवस लागतात.
- १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांचं संमतिपत्र, आयोजकांच्या नमुन्यातच.
- प्रत्येक टीममेटचा नोंदणी केलेला ईमेल, अक्षर न चुकता. सबमिशनच्या वेळी नेमका एकाचा सापडत नाही.
- लॅपटॉप, चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड, हेडफोन.
- गिट, एडिटर आणि लागणाऱ्या लायब्ररी घरूनच बसवून आणलेल्या.
- कोरे कागद आणि जाड मार्कर. याचा उपयोग चौथ्या पायरीत सांगितला.

९. मध्येच बिनसलं तर

एखादा टीममेट गायब झाला तर आधी एक फोन करा, तब्येतीचं काही असू शकतं. मग दोन तास ठरवा. तेवढ्यात आला नाही तर त्याचं काम वाटून घ्या किंवा सरळ गाळा, आणि आयोजकांना कळवा. त्याच्या वाट्याचा भाग वाचवण्याच्या नादात बाकीचे तीन भाग अर्धवट राहिलेले मी जास्त पाहिले आहेत.

एकच माणूस सगळे निर्णय घेत असेल तर वाद घालू नका, पर्याय लिहून काढा. दोन पर्याय कागदावर आले की बोलणं माणसावरून कामावर येतं. तरी अडलं तर मेंटॉरला बोलवा. त्यासाठीच ते फिरत असतात. मला टीमनं पहाटे बोलावलं तर मी कधी वैतागत नाही, उलट सकाळी 'आम्ही रात्रीच फुटलो' असं ऐकलं की वाईट वाटतं.

कुणी त्रास दिला, अंगचटीला आलं, जात, धर्म, भाषा किंवा मुलगी असण्यावरून बोललं, तर तो टीमचा अंतर्गत प्रश्न राहत नाही. सभ्य आयोजकांकडे आचारसंहिता असते आणि तक्रार कुणाकडे करायची हेही लिहिलेलं असतं. लगेच जा. टीम सोडावी लागली तरी चालेल, आणि "आत्ता कशाला, डेमो होऊ दे" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

१०. सबमिशन आणि त्यानंतर

सबमिशन करताना सगळ्यांची नावं जोडली गेली आहेत का ते प्रत्येकानं स्वतःच्या खात्यातून उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी टीममेटनं आमंत्रण स्वीकारल्याशिवाय त्याचं नाव धरत नाहीत. वेळ संपल्यावर आठवण झाली तर हातात काही उरत नाही.

कोड सार्वजनिक ठेवला म्हणजे तो सगळ्यांना वापरायला मोकळा झाला असं होत नाही. परवाना लावला नसेल तर हक्क लिहिणाऱ्यांकडेच राहतात, म्हणजे तुम्हा सगळ्यांकडे. पुढे कुणालाही, तुमच्यातल्याही, मोकळेपणानं वापरता यावा असं वाटत असेल तर एमआयटी किंवा अपाची २.० यांसारखा परवाना चौघांच्या संमतीनं रेपोत टाका. नको असेल तर तसंही ठरवा.

बक्षिसाची रक्कम एकाच्याच खात्यात येणार असेल तर कुणाच्या, हे आयोजकांचा फॉर्म भरण्याआधी ठरवा. त्या रकमेवर कर लागत असेल तर तो आधी वजा करून मग वाटणी करा, नाहीतर ज्याच्या नावावर पैसे आले त्यालाच भुर्दंड बसतो.

प्रकल्प पुढे न्यायचा की नाही, हे त्याच आठवड्यात एका कॉलवर बोला. न्यायचा असेल तर रेपो एकाच्या खासगी खात्यावरून काढून टीमच्या नावाच्या संस्था खात्यात हलवा आणि सगळ्यांना मालकाचे अधिकार द्या. न्यायचा नसेल तर रीडमीमध्ये प्रत्येकानं काय केलं ते लिहून रेपो आर्काइव्ह करा (पुसू नका, फक्त वाचण्यापुरता ठेवा), म्हणजे पुढे कुठल्याही अर्जात ती लिंक चौघांनाही वापरता येईल. आणि भाड्याचा सर्व्हर चालू राहिलेला असेल तर तो आजच बंद करा, त्याचं बिल कार्ड दिलेल्या माणसाला येत असतं.